आठ दिवे आणि रेकॉर्डवाल्यांची गाठ

खोटं वाटेल तुम्हाला. सगळ्यांनाच वाटतं. आजवर ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांच्यातल्या एकाचाही विश्वास बसलेला नाही, आणि त्यात दोघं तर असे होते की छापील जाहिरातीवरसुद्धा विश्वास ठेवायचे. पण मीटरवाले, मीटरच्या खोलीची किल्ली येईपर्यंत तुम्हाला काही उद्योग नाही, आणि मला निवृत्त झाल्यापासून नाहीच. किल्ली आणायला आमची मंडळी वर गेलीय. वेळ लागेल. ती खिळ्याला फितीनं पक्की बांधून ठेवलेली असते आणि घरात कात्री सापडत नाही. तेव्हा बसा या बाकावर. असे नको, जरा उजवीकडे. डाव्या बाजूला चादरीखाली एक स्प्रिंग आहे, ती माणूस बघून टोचते. आणि बोलताना माझ्या पुढच्या दाताच्या फटीतून मधेच शीळ वाजेल, तिकडे लक्ष देऊ नका. तिचा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही.

तर याच इमारतीत एक गृहस्थ राहायचे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तळघरातली रेकॉर्डरूम त्यांच्या ताब्यात होती, म्हणून सगळे त्यांना रेकॉर्डवाले म्हणायचे. त्यांची बायकोसुद्धा रागात असली की नुसतं "अहो" न म्हणता "अहो रेकॉर्डवाले" म्हणायची, म्हणजे बहुतेक वेळा तेच म्हणायची. माणूस गरीब. भाजी बायको सांगेल ती, शर्टाचा रंग मुलगी ठरवेल तो, आणि चष्म्याची फ्रेम दुकानदाराच्या मर्जीनं. उभ्या आयुष्यात या माणसानं कुणालाही न विचारता एकच वस्तू घेतली, आणि ती म्हणजे साडेतीन टनांचा ट्रक.

साधा ट्रक नव्हे हो! चारही चाकांना जोर असलेला, रस्ता संपला की खऱ्या अर्थानं सुरू होणारा, डोंगरात पाइप पोचवणारा कचेरीचा जुना ट्रक. गंमत अशी की रेकॉर्डवाल्यांनी तो कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. पण त्याची फाइल सव्वीस वर्षं त्यांच्या कपाटात होती. क्लच कितव्यांदा जळाला, चाकावरचा पाटा कुठल्या ओढ्यात तुटला, कुठल्या ड्रायव्हरनं "ट्रक स्वभावाने चांगला आहे" असा शेरा मारून त्याच दिवशी बदली मागितली, सगळं त्यांना तोंडपाठ. लोक फोटो बघून प्रेमात पडतात, हे दुरुस्तीचे कागद वाचून पडले. कचेरीनं ट्रक मोडीत काढल्याची टिप्पणी टेबलावर आली, तेव्हा त्यांचा डोळा ओला झाला. जेवणाच्या सुट्टीत अर्ज दिला आणि आठवड्याच्या आत ट्रक इमारतीच्या मागच्या अंगणात हजर. म्हणजे दुसऱ्या ट्रकनं ओढत आणला. आपल्या पायांनी यावं अशी त्याची प्रकृती राहिलेली नव्हती.

बायको गॅलरीत आली.

"हे काय?"

"ट्रक."

"ते दिसतंय. कुणाचा?"

"आपला."

यानंतर ती आठ दिवस त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. ज्यांचं लग्न झालंय त्यांना त्या आठ दिवसांचा अर्थ सांगायला नको, आणि ज्यांचं झालं नाही त्यांना सांगून कळणार नाही.

नवव्या दिवशी मात्र सोसायटीचे चेअरमन बोलले. चेअरमन म्हणजे जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. निवृत्त झाले तरी गळ्यात शिट्टी, आणि समोरचा दिसला की त्याला दोन ओळींत उभं करावंसं वाटायचं. त्यांनी रेकॉर्डवाल्यांच्या दारावर नोटीस चिकटवली. नियम चौदा: वापरात नसलेलं वाहन महिनाअखेरीस भंगारवाल्याच्या हवाली करण्यात येईल.

"पण वापरात आहे की," रेकॉर्डवाले म्हणाले.

"कसला वापर? परवा त्यात मांजर व्यालीय."

"म्हणजे आहेच की वापरात."

"रेकॉर्डवाले, मला शब्दांत पकडू नका. हातात तेवीस दिवस आहेत. एक दोन, एक दोन, करा मोजायला सुरुवात."

आता दुसरा कुणी असता तर भांडला असता, नाहीतर हात जोडले असते. रेकॉर्डवाल्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. त्यांनी सोसायटीच्या नियमांचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. अख्ख्या इमारतीत ते पुस्तक उघडणारा हा पहिलाच माणूस. दोन पानं तर एकमेकांना चिकटलेलीच होती. आणि नेमकं त्या चिकटलेल्या पानांत सापडलं, चौदा ब. क्रीडास्पर्धेत वापरलं जाणारं वाहन या नियमातून वगळलं जाईल, मात्र वर्षातून एक मान्यताप्राप्त स्पर्धा त्यानं पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं. कुणीतरी कधीकाळी आपल्या मुलाच्या सायकलीसाठी घुसडलेलं पोटकलम असावं. पण नियम तो नियम.

चेअरमननी ते तीनदा वाचलं. मग शिट्टीशी खेळत म्हणाले, "पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. भाग घेतल्याचं नव्हे. समजलात ना?"

महिनाअखेरीच्या आत साडेतीन टनांच्या वाहनाला घेईल अशी स्पर्धा जवळपास एकच होती. डोंगरवाटेची, नऊ किलोमीटरची, आणि तीसुद्धा रात्रीची. काळोखात दगडधोंडे, ओढे आणि चढ पार करत दोन तासांच्या आत दुसऱ्या टोकाला पोचायचं. पोचलात तर प्रमाणपत्र, नाहीतर भंगारवाला. इकडे रेकॉर्डवाले असे, की जिन्यावरचा दिवा गेला तर खालच्या मजल्यावरून बायकोला हाक मारायचे.

तयारी सुरू झाली. ट्रक दुरुस्तीला मिस्त्री बोलावले. हे मिस्त्री कामाला उत्तम, पण त्यांचं एक वाक्य होतं: "ते नंतर. आधी हे काढावं लागेल." रेडिएटर गळतोय म्हणून बोलावलं, तर रेडिएटरला हात घालायला पंखा काढावा लागला. पंख्यासाठी बंपर, बंपरसाठी त्याला धरून बसलेला गंज, आणि गंज काढल्यावर कळलं की तिथं गंजच होता, बंपर असा नव्हताच. आठव्या दिवशी अंगणात ट्रकपेक्षा ट्रकचे भाग जास्त दिसायला लागले. रेकॉर्डवाल्यांनी प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली, क्रमांक घातला आणि वहीत नोंद केली. दोनशे बारा नोंदी. मिस्त्रींनी परत जोडल्यावर चौदा उरल्या.

"हे उरलं कसं?" रेकॉर्डवाल्यांचा आवाज चिरका झाला.

"साहेब, कंपनी जास्तीचं घालून देते. आपण काढून टाकायचं. गाडी हलकी होते."

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे. संध्याकाळी दवाखाना बंद करून ते थेट ट्रकाखालीच शिरत. हातात दात बघायचा छोटा आरसा. "इथं कीड लागलीय," चेसिसला टोकरत ते म्हणत. "आजच भरून घ्या, नाहीतर मुळापर्यंत जाईल." सल्ला फुकट असल्यामुळे रेकॉर्डवाले मान डोलवायचे, आणि डॉक्टरांना इतकी वर्षं 'आ करा' म्हणून झाल्यावर काही न बोलता तोंड उघडं ठेवणारा पेशंट मिळाल्याचा आनंद व्हायचा. एकदाच ते खवळले. मिस्त्रींनी वायरीचं टोक सोलायला सांगितलं आणि रेकॉर्डवाल्यांनी ते दातांत धरलं.

"अहो! तो पुढचा दात मी बसवलाय! तो हसण्यापुरता आहे, कामाला लावायचा नाही!"

हे लक्षात ठेवा, मीटरवाले. रेकॉर्डवाल्यांनी ठेवलं नाही.

मग कागद. ट्रक स्पर्धेत उतरवायचा तर वाहन कार्यालयाचं पत्र हवं. वाहन कार्यालयातल्या खिडकीनं सांगितलं, मूळ खरेदीच्या पानाची प्रमाणित नक्कल आणा. ती कुठे मिळणार? पाणीपुरवठ्याच्या रेकॉर्डरूममध्ये. म्हणजे रेकॉर्डवाल्यांनी रेकॉर्डवाल्यांकडे अर्ज करायचा! दुसऱ्या कुणी सरळ कपाट उघडून नक्कल काढली असती. पण रेकॉर्डवाले नियमाला धरून होते. त्यांनी अर्ज लिहिला, टेबलाच्या पलीकडून येऊन स्वतःच्याच ट्रेमध्ये ठेवला, अलीकडे येऊन वाचला, आणि डावीकडे समास सोडलेला नाही म्हणून परत केला. दुसरा अर्ज स्वीकारला, पण तीन कामाचे दिवस लागतील असा शेरा मारून. तीन दिवस ते घरी येऊन बायकोजवळ त्या कचेरीच्या दिरंगाईबद्दल चिडचिड करत होते.

चौथ्या दिवशी गठ्ठा काढला. आणि इथं तुम्हाला त्यांची गाठ समजावून सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

रेकॉर्डरूममधला प्रत्येक गठ्ठा लाल फितीनं बांधलेला असतो. पूर्वी लोक यायचे, फीत ओढायचे, हवा तो कागद काढून न्यायचे. ते थांबावं म्हणून रेकॉर्डवाल्यांनी स्वतःच्या अक्कलहुशारीनं एक गाठ शोधून काढली. दोन वेढे, एक उलटा फास, आणि टोक आत लपवलेलं. ओढाल तितकी आवळते. ती सुटत नाही. तिला सोडायची सोयच ठेवलेली नाही. कागद हवा असेल तर फीत कापायची आणि नवी बांधायची. त्यासाठी टेबलाला साखळीनं बांधलेली एक कात्री होती. सव्वीस वर्षांत त्यांनी अशा लाखभर गाठी मारल्या असतील. झोपेतसुद्धा बोटं चालायची. एकदा सकाळी बायकोच्या वेणीला कात्री लावायची पाळी आली होती. पण मारलेली गाठ सोडवणं ही गोष्ट त्यांनी आयुष्यात एकदाही केलेली नव्हती. त्यांचं खातं बांधण्याचं. सोडण्याचं खातं कात्रीचं.

तर नक्कल मिळाली, पत्र मिळालं, आणि सोबत स्पर्धेची नियमावली आली. त्यात कलम होतं, की समोर आठ जादा दिवे हवेत, पण ते दिवे सार्वजनिक रस्त्यावर झाकलेले असले पाहिजेत, आणि आवरण वाऱ्यानं उडता कामा नये. मिस्त्रींनी चार दिवे टपावर लावले, चार नव्या बंपरवर, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून ट्रकचे मूळचे दोन्ही दिवे काढून टाकले. "दिवसा जा तिथपर्यंत. रात्री आठ आहेतच की. लग्नघरासारखा उजेड पडेल," ते म्हणाले.

आवरणं शिवायला बायकोशिवाय कोण? ती घरी पडदे शिवायची. तोवर तिचा अबोला जाऊन त्या जागी टोमणे आले होते, म्हणजे परिस्थिती सुधारत होती. तिनं एक मोठी काळी छत्री उसवली. छत्रीला आठ पाकळ्या, दिवे आठ. एक चिंधी वाया गेली नाही. आतून जुन्या घोंगडीचं अस्तर लावलं. शिवाय ट्रकच्या पुढच्या सीटला डाव्या बाजूला भोक पडून स्प्रिंग वर आली होती, त्यावर मुलीच्या शाळेच्या जुन्या दप्तराचा तुकडा ठिगळ म्हणून लावला. त्या तुकड्यावर मुलीनं पेननं इयत्ता आणि तुकडी लिहिलेली होती, पाचवी ब. स्प्रिंग तरीही टोचायची, पण आता ती सुशिक्षित वाटायची.

"नाडीला काय लावू?" बायकोनं विचारलं.

"ते माझ्यावर सोड," रेकॉर्डवाले म्हणाले.

तुमच्या लक्षात आलं. तुम्ही हुशार आहात. त्यांच्या नाही आलं. कचेरीतून लाल फितीचं रीळ आणलं आणि आठही दिव्यांवर आठ आवरणं अशी काही बांधली की वाऱ्याची काय बिशाद. चेअरमननी येऊन एक ओढून पाहिलं आणि नाइलाजानं मान हलवली. तो रेकॉर्डवाल्यांच्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा क्षण. खरंच सांगतो, त्यानंतर तसा आला नाही.

स्पर्धेत ट्रकमध्ये दोन माणसं लागतात, एक चालवणारा, एक वाट सांगणारा. मिस्त्री म्हणाले, "साहेब, मी गाड्या उघडतो, त्यांत बसत नाही." दातांच्या डॉक्टरांना अचानक एक अवघड दाढ आठवली. शेवटी बायको पदर खोचून चढली. "इतकी वर्षं तुम्हाला वाट सांगतेच आहे," ती म्हणाली, "आणखी नऊ किलोमीटर."

उजेडात निघाले, उजेडात पोचले. माळावर दहा ट्रक होते. बाकीचे कसे, राक्षसासारखे, रंगवलेले, गुरगुरणारे. मधे आपला हा, आठ दिव्यांना काळी टोपरी घालून, थंडीत बाहेर काढलेल्या आजारी माणसासारखा. तपासणीला एक तरुण बाई होत्या, हातात यादी, चेहऱ्यावर हसू नाही. रेकॉर्डवाल्यांना पाहताक्षणीच त्यांच्याबद्दल आदर वाटला.

"केबिनमध्ये धारदार, टोकदार सुटी वस्तू चालणार नाही. ही कात्री कुणाची?"

"माझी," बायको म्हणाली. "लग्नाआधीपासूनची आहे. यांच्यापेक्षा जपलीय."

"जमा करा. पावती मिळेल."

पावती मिळाली. क्रमांक, तारीख, वर्णन, सही, शिक्का. रेकॉर्डवाल्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली. "याला म्हणतात पावती!" ते बायकोला म्हणाले, नीट चौघडी घालून खिशात ठेवली, आणि त्या घटकेला त्या माणसासारखा सुखी माणूस त्या माळावर दुसरा नव्हता. बघा, माणसाला कसं कळत नाही.

अंधार झाला. एकेक ट्रक ओळीत लागला. "आवरणं काढा! दोन मिनिटं!" अशी आरोळी आली. बाकीच्यांनी फराफरा कापडं ओढली आणि माळावर दिवस उगवला. रेकॉर्डवाले पहिल्या गाठीपाशी गेले. नख घातलं. मग दुसरं नख घातलं.

"सोडा ना," बायको म्हणाली.

"सुटत नाहीये."

"तुम्हीच बांधलीत ना?"

"मी बांधलीय म्हणूनच सुटत नाहीये!"

ते धावत तपासणीच्या बाईंकडे गेले. कात्री द्या, एक मिनिट, आणून देतो. बाई म्हणाल्या, जमा वस्तू स्पर्धा संपल्यावर, पावती दाखवून. रेकॉर्डवाले परत आले, खांदे पडलेले.

"काय म्हणाल्या?"

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही दिली नसती."

मीटरवाले, माणसानं जन्मभर दुसऱ्यांना जे ऐकवलं ते अंधारात उभं राहून स्वतः ऐकण्याची पाळी तुमच्यावर कधी येऊ नये. वाचायचं आहे मीटर आणि खोलीला कुलूप, हे दुःख त्यापुढे काहीच नाही. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी गाठ दातांत धरली आणि हिसका दिला. 'टक्' असा आवाज झाला. गाठीचा नव्हे. पुढचा दात उडून गवतात गेला. शोधायला उजेड हवा, उजेड घोंगडीत. तेवढ्यात शिट्टी झाली.

निघाले. बटण दाबलं, आठही दिवे लागले. लागले हे समोरच्या विजेच्या काट्यावरून कळलं, बाहेर मिट्ट काळोख. पहिला किलोमीटर पुढच्या ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर काढला. मग तो दिवा लहान झाला, चढावर एकदा चमकला आणि गेला. राहिली ती बायकोच्या हातातली स्वयंपाकघरातली बॅटरी, जी दिवे गेल्यावर काड्यापेटी शोधण्यापलीकडे कधी वापरलेली नव्हती. बायको खिडकीतून अर्धी बाहेर.

"डावीकडे. अहो डावीकडे! माझं डावं!"

"आपण दोघं एकाच दिशेला तोंड करून बसलोय, तुझं डावं वेगळं कसं असेल?"

"मी वळून बसलेय! मघाचा खड्डा खरंच गेला की आपण अजून त्यातच आहोत, ते बघतेय!"

एक ट्रक मागून आला, वाट मागितली, गेला. दुसरा आला, त्यातल्या माणसानं खिडकीतून डोकावून विचारलं, "काका, दिव्यांना सर्दी झालीय का?" रेकॉर्डवाल्यांना उत्तर द्यायचं होतं, पण दाताच्या फटीतून नुसती शीळ आली, आणि त्या माणसाला वाटलं हे आनंदात आहेत. तिसऱ्या किलोमीटरला उतार आला, उताराखाली काहीतरी चमकलं, आणि बायको "थांबा" म्हणाली तेव्हा ट्रक ओढ्याच्या मधोमध उभा होता. चाकं फिरली, चिखल उडाला, ट्रक एक वीत खाली बसला. पुन्हा फिरली, आणखी एक वीत. पाणी पावलांना लागलं. बॅटरी पिवळी झाली, तांबडी झाली, गेली.

रेकॉर्डवाल्यांनी इंजिन बंद केलं.

काय शांतता होती. बेडूक तेवढे ओरडत होते. घड्याळ दिसत नव्हतं, पण वेळ जात होता हे कळत होतं. मग रेकॉर्डवाले म्हणाले, "याच ओढ्यात तुटला होता पाटा. अकरा नंबरचं पान. तेव्हा ड्रायव्हर दोन दिवस ट्रक सोडून गेला नव्हता. लिहिलंय फाइलीत." आणि थोड्या वेळानं, "नेणार आता याला. कापून नेतात ना भंगारवाले? अख्खा नाही नेत."

"मला विचारलं असतंत तर?" बायको म्हणाली.

"तर तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते." पाण्यात तिनं पाय वर घेतले. "पण विचारलं असतंत."

हे कलम नियमांच्या पुस्तकात नव्हतं. रेकॉर्डवाल्यांनी काळोखात चाचपून तिचा हात शोधला, तर हाती लागलं स्पर्धेवाल्यांनी दिलेलं वाटेच्या वळणांचं पुस्तक, तेही ओलं. मग हात सापडला.

इथपर्यंत कुणालाही पटतं. यापुढचं पटत नाही, आणि यापुढचंच तर खरं महत्त्वाचं! ऐका. दिवे इतका वेळ घोंगडीत जळत होते, ते तापले. बंपरवरच्या चार आवरणांत ओढ्याचं पाणी शिरलेलं, त्याची वाफ झाली, वाफेनं फीत फुगली, आणि जी गाठ सव्वीस वर्षांत सुटली नाही ती आपण होऊन सुटली. एक, दोन, तीन, चार! काय म्हणालात? इंजिन बंद होतं? अहो, दिवे ट्रकच्या बॅटरीवर चालतात. टपावरची चार कोरडी, ती धडाधड पेटली आणि राख होऊन उडून गेली. एकदम आठ सूर्य! बेडूक गप्प. रेकॉर्डवाल्यांनी किल्ली फिरवली, तो ट्रक असा काही उसळला की ओढा जागचा हलला. दुसऱ्या दिवशी नकाशा दुरुस्त करावा लागला म्हणे, त्याची फाइल मी स्वतः... म्हणजे त्यांनी स्वतः बांधली. मग काय, चढ आला की चढ खाली वाकायचा. मघाशी सर्दीची चौकशी करणारा दगडावर अडकून बसला होता, त्याला यांनी जाता जाता हॉर्न दिला. एका कड्यावर तर वाट संपली, पुढे नुसती हवा, आणि बायको म्हणाली, "डावीकडे," तर हवेतूनच डावीकडे वळले. दोन तासांना तीन मिनिटं कमी असताना दोरी तोडली. तपासणीच्या बाई पहिल्यांदा हसल्या. कात्री तबकात घालून परत केली.

आणि प्रमाणपत्र! चेअरमननी स्वतः दारावर चिकटवलं, शिट्टी वाजवून अख्ख्या इमारतीला सावधानमध्ये उभं केलं. भंगारवाला आला होता, तो ट्रकला नमस्कार करून रिकाम्या हातानं गेला. आता रेकॉर्डवाले इथं नसतात. मुलीकडे राहायला गेले, ट्रक चालवतच गेले. परवाच त्यांचं पत्र होतं, अजून एका झटक्यात सुरू होतो म्हणून. सगळं मूळचं ठेवलंय. एक खिळासुद्धा बदललेला नाही. अगदी पुढची सीटसुद्धा तीच, तशीच, जागच्या जागी.

ती बघा, आली आमची मंडळी किल्ली घेऊन. कशानं कापलीस फीत, सुरीनं? बरं. उठा मीटरवाले, झालं तुमचं काम. अहो, चादर ओढली गेली तुमच्या पिशवीबरोबर. राहू द्या, मी घालतो नीट. राहू द्या म्हणतो ना. आकडे वाचायची सवय तुमची, आता त्या बाकावर काय वाकून वाचताय?

"काका, इथे 'पाचवी ब' लिहिलंय. सीट जर ट्रकात जागच्या जागी आहे, तर मग ही इथं काय करतेय, रेकॉर्डवाले?"